खाज, पांढरं जाणं आणि ती एक गोळी

गडहिंग्लज

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू निम्मं सांगितलंस आणि निम्मं गिळलंस, म्हणून सविस्तर लिहिते. टॉन्सिलसाठी पाच दिवस अँटिबायोटिक झालं, कोर्स संपता संपता खाली खाज सुटली, लघवी करताना आग होते, पांढरं जातंय, आणि रूममधल्या मैत्रिणीने चार गोळ्यांचं पाकीट पुढे केलंय, एवढं मला कळलं. ते पाकीट आधी बाजूला ठेव. या दुखण्यात औषध सोपं असतं. हे दुखणं नक्की तेच आहे का, हे ओळखणं अवघड.

योनिमार्गात लॅक्टोबॅसिलस नावाचे जिवाणू कायम वस्तीला असतात. ते तिथली आम्लता राखतात (पीएच साधारण 3.8 ते 4.5) आणि बाकीच्यांना डोकं वर काढू देत नाहीत. कँडिडा ही बुरशीही थोडीफार तिथे असतेच, एरवी गप्प. घशासाठी घेतलेलं अँटिबायोटिक घशापुरतं थांबत नाही, ते या राखणदारांनाही मारतं. बुरशीवर मात्र त्याचा काही परिणाम होत नाही, म्हणून ती फोफावते. त्यात तुझ्या स्वच्छतेत काही कमी पडलं असं नाही, आणि हे कुणाकडून लागलेलंही नाही. चारपैकी तीन बायकांना आयुष्यात एकदा तरी हे होतं. तांबड्या रश्श्याचा यात दोष नाही. "उष्णता झाली, सब्जा पी" असं कुणी म्हणेल; सब्जा खुशाल पी, बुरशी त्याने जात नाही. पांढरं गेल्याने हाडं झिजतात, हेही खोटं.

पांढरं जाणं म्हणजे आजारच, असंही नाही. दोन पाळ्यांच्या मध्यावर पारदर्शक, बोटाला तार धरणारा स्राव येतो, पाळीआधी तो पांढरट होतो. खाज नाही, आग नाही, वास नाही, तर औषधही नाही. बुरशीचा स्राव घट्ट, दह्याच्या गाठींसारखा असतो. त्याला सहसा वास नसतो, पण खाज झोपू देत नाही, कातडी लाल होते आणि सुजते. पातळ, राखाडी स्राव आणि मासळीसारखा वास असेल तर तो जिवाणूंचा बिघाड, त्याचं औषध मेट्रोनिडॅझोल. पिवळट-हिरवा, फेसाळ असेल तर ट्रायकोमोनास हा परजीवी असू शकतो, तो शरीरसंबंधातून येतो आणि तिथे दोघांनाही औषध घ्यावं लागतं. लिहायला हे सोपं आहे. प्रत्यक्षात लक्षणं एकमेकांत मिसळतात. अमेरिकेत बुरशीचं औषध मेडिकलमधून आपलं आपण विकत घेणाऱ्या बायकांची तपासणी केली गेली, त्याचे निष्कर्ष 2002 साली प्रसिद्ध झाले. त्यातल्या जेमतेम एक तृतीयांश बायकांना निव्वळ बुरशीचा संसर्ग होता.

म्हणून पहिल्या खेपेला एकदा दाखवूनच घे. केएमटी बसने दसरा चौकात उतर, कोल्हापूरच्या सीपीआर सरकारी रुग्णालयात सकाळी केसपेपर काढ आणि स्त्रीरोग विभागात "लेडी डॉक्टर हव्यात" असं सरळ सांग. आतून तपासतील या भीतीने मुली टाळतात. नको असेल तर तसं आधीच सांग. बाहेरून बघून आणि कापसाच्या बारीक काडीवर स्राव घेऊनही बरंच कळतं. तो काचपट्टीवर घेऊन त्यावर 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकलं की पेशी विरघळतात आणि बुरशीचे धागे सूक्ष्मदर्शकाखाली उघडे दिसतात. आदल्या दिवसापासून आत कोणतंही क्रीम किंवा गोळी ठेवू नकोस.

आता मैत्रिणीचं पाकीट. पाठीमागची बारीक अक्षरं वाच. बुरशीवरची फ्लुकोनॅझोल 150 मिलिग्रॅमची एक, ॲझिथ्रोमायसिन 1 ग्रॅमची एक आणि परजीवी-जिवाणूंवरच्या सेक्निडॅझोल 1 ग्रॅमच्या दोन, असंच असणार. कारण नक्की माहीत नसताना सगळ्यांवर एकदम मारा करायला असे संच निघाले. तुझ्या बाबतीत त्यातली फार तर एक गोळी कामाची. ॲझिथ्रोमायसिन तर पुन्हा अँटिबायोटिकच, म्हणजे ज्याने हे सुरू झालं तेच आणखी. मला हे संच मनापासून आवडत नाहीत.

डॉक्टरांनी बुरशीच सांगितली, तर दोन वाटा आहेत. तोंडाने घ्यायची फ्लुकोनॅझोल किंवा आत ठेवायची क्लोट्रिमॅझोल. साध्या संसर्गात दोन्हींचा गुण जवळपास सारखाच येतो, म्हणून आत काही ठेवायला संकोच वाटत असेल तर तसं सांगायला हरकत नाही.

फ्लुकोनॅझोल 150 मिलिग्रॅम, एकच गोळी, एकदाच. जेवणाआधी की नंतर, याने फरक पडत नाही. गडबड इथे होते की रात्री गोळी घेतली, सकाळी खाज तशीच, म्हणून दुसरी घेतली जाते. ही गोळी अंगात निम्मी व्हायलाच साधारण 30 तास लागतात, म्हणजे ती काही दिवस काम करत राहते. आराम एक-दोन दिवसांत सुरू होतो, पूर्ण बरं वाटायला आठवडा लागू शकतो. त्रास जास्त असेल तर 72 तासांनी दुसरी गोळी देतात, पण ते डॉक्टर ठरवतील. नायट्याला हीच गोळी आठवडे न् आठवडे देतात, तो हिशोब इथे लावायचा नाही.

गोळीच्या आधी चालू असलेली सगळी औषधं सांग. तू ॲसिडिटीची कॅप्सूल घेतेस ना? तिच्या नावापुढे 'डी' असेल आणि आत डॉम्पेरिडोन असेल, तर फ्लुकोनॅझोलसोबत ती नको. दोन्ही औषधं हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतात. रक्त पातळ करायचं वॉरफरिन, फिटांचं फेनिटॉइन, साखरेची ग्लिमेपिराइड, कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या यांचा परिणाम फ्लुकोनॅझोलमुळे वाढतो; आत्याला कुणी ही गोळी सुचवली तर तिच्या साखरेच्या गोळ्या आठव. यकृताचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही. आणि पाळी चुकलेली असेल, गर्भाची थोडीही शक्यता असेल, तर ही गोळी नाहीच. हे मी सगळ्याच मुलींना सांगते, तूही मैत्रिणींना सांग. गरोदरपणात सहसा सात रात्री आत ठेवायचं क्लोट्रिमॅझोल देतात, तेही डॉक्टरांच्या सल्ल्याने. गोळीनंतर मळमळ, डोकेदुखी, पोटात थोडं दुखणं चालतं. अंगावर पुरळ, फोड किंवा डोळ्यांत पिवळेपणा दिसला तर त्याच दिवशी दवाखाना.

क्लोट्रिमॅझोलच्या आत ठेवायच्या गोळ्या 500 मिलिग्रॅमची एक, 200 च्या तीन किंवा 100 च्या सहा अशा मिळतात. रोज रात्री एक. या गिळायच्या नसतात. हे सांगावं लागतं, कारण गिळणाऱ्या असतात. झोपायच्या वेळी हात साबणाने धू. ॲप्लिकेटरचा (गोळी आत सरकवायच्या नळीचा) दांडा मागे ओढ, गोळी पुढच्या खाचेत बसव आणि तिला पाण्याचा एक थेंब लाव. पाठीवर झोप, गुडघे वर घेऊन पाय थोडे फाकव, नळी सहज जाईल तेवढीच आत सरकव आणि दांडा हळू दाब. दुखलं तर जोर करू नकोस. नंतर उठायचं नाही. उभी राहिलीस तर गोळी खाली सरकते, म्हणून लघवी आधीच उरक. सकाळी चड्डीवर पांढरा चुरा दिसला तर घाबरू नकोस, तो गोळीचाच असतो. पातळ पॅड लाव. नळी कोमट पाण्याने आणि साबणाने धू, उकळू नकोस. तिसऱ्या रात्री बरं वाटलं म्हणून सहाचा कोर्स अर्धा सोडलास, तर आठवड्याभरात पुन्हा खाजवत बसशील. पाळी तोंडावर आली असेल तर थांब किंवा तोंडाची गोळी घे, कारण रक्ताबरोबर औषध वाहून जातं. कोर्सभर टॅम्पॉन आणि मेन्स्ट्रुअल कप बंद. लग्न झालेल्या मैत्रिणींसाठी: या औषधातल्या तेलकट घटकांनी कंडोम कमकुवत होतो. कोर्स चालू असताना आणि नंतर निदान पाच दिवस त्याच्यावर भरवसा नको.

बाहेरच्या खाजेला क्लोट्रिमॅझोल 1 टक्का क्रीम, दिवसातून दोनदा, पातळ थर. इथे एका अक्षराने घात होतो. कँडिड हे क्लोट्रिमॅझोलचं बाजारातलं नाव सगळ्यांच्या ओळखीचं. त्याची 'व्ही' गोळी आत ठेवायची, पण 'बी' क्रीममध्ये क्लोट्रिमॅझोलबरोबर बेक्लोमेथासोन हे स्टेरॉइड असतं. ते लावलं की खाज लवकर थांबते, म्हणून सगळ्यांना तेच आवडतं. पण आपलं आपण लावत राहिलं तर नाजूक जागेची कातडी पातळ होते आणि बुरशी दबून नंतर जोरात उसळते. क्लोबेटासॉल हे आणखी कडक स्टेरॉइड असलेली ट्यूब तर त्याहून वाईट. मेडिकलमध्ये नाव सांगू नकोस, चिठ्ठी दाखव आणि ट्यूबवरचा मजकूर स्वतः वाच.

खाली साबण, जंतुनाशकाचं पाणी, सुगंधी वॉश, आत दही, लसूण, काहीही नको. बाहेरून साधं पाणी पुरे. हॉस्टेलवर जुलैत चड्ड्या वाळत नाहीत हे मला माहीत आहे. इस्त्रीने कोरड्या करून घाल, सुती वापर, आणि रात्री सैल पायजमा.

सात दिवसांत उतार पडला नाही, ताप आला, ओटीपोटात दुखलं, फोड किंवा जखम दिसली, पाळी नसताना रक्त गेलं, तर पुन्हा सीपीआर. सहा महिन्यांत दुसऱ्यांदा झालं तर तीच चिठ्ठी परत वापरू नकोस. रक्तातली साखर बघायला सांग आणि स्रावाचं कल्चर (बुरशी वाढवून तिची जात ओळखायची तपासणी) करायला सांग, कारण कँडिडाच्या ग्लॅब्राटासारख्या जातींना फ्लुकोनॅझोल नीट लागू पडत नाही. वर्षात तीन-चार वेळा झालं तर आठवड्याला एक गोळी अशी सहा महिने देतात, पण आधी संसर्ग पूर्ण आटोक्यात आणून. ते सगळं तज्ज्ञांच्या देखरेखीखाली.

केसपेपरचा आणि चिठ्ठीचा फोटो मला पाठव. गोळी घेतल्याची तारीख चिठ्ठीवरच लिहून ठेव.

तुझी,
आई