तैलरंग व्हान आयकच्या आधीचेच

महोदय,

युरोपीय प्रबोधनकाळावरील आपल्या लेखात पंधराव्या शतकातील फ्लेमिश चित्रकार यान व्हान आयकला तैलरंगांचा जनक ठरवले आहे. ही कलावंतांची चरित्रे लिहिणाऱ्या इटालियन वासारीने 1550 साली पसरवलेली दंतकथा. जवसाच्या तेलात रंग खलण्याची कृती 12व्या शतकातच लिहून ठेवलेली आहे. व्हान आयकचे कसब थरांमध्ये होते. ओकच्या फळीवर सरस आणि खडूचा पांढरा लेप, त्यावर रेखाटन, मग पारदर्शक रंगांचे पातळ हात. प्रकाश खालच्या पांढऱ्यावरून परततो, म्हणून लाल वस्त्र आतून उजळल्यासारखे दिसते. (छापील चित्रात हे जवळजवळ हरवतेच.)

अवरक्त (इन्फ्रारेड) छायाचित्रात रंगांखालचे कार्बनयुक्त काळे रेखाटन दिसते, तांबड्या खडूचे नाही. तेव्हा ‘रेखाटन नाही’ हा निष्कर्ष जपून काढावा. लंडनच्या नॅशनल गॅलरीतील व्हान आयकच्या 1434च्या आर्नोल्फिनी दांपत्याच्या चित्रात कुत्र्याखाली रेखाटन सापडलेले नाही. तो बहुधा मागाहून आला.

फळीच्या वार्षिक वलयांवरून चित्राचे नेमके वर्ष मात्र मिळत नाही. सुतार सालीलगतचे कोवळे लाकूड, म्हणजे शेवटची वलये, काढून टाकत, त्यामुळे ‘याआधीचे नाही’ एवढेच म्हणता येते.

– एक कला-अभ्यासक, पुणे