वक्ता गप्प बसला त्या दिवशी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या दिवाळीतल्या पत्राला उत्तर द्यायचे राहिले, त्याला आता आठ महिने होत आले. या उशिराचे समर्थन करावे असे माझ्याजवळ काही नाही. प्रकृती ठीक आहे. पावसाळ्यात गुडघा दुखतो, एवढेच. आज लिहायला बसलो त्याचे कारण वेगळे आहे आणि ते तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला सांगून कळणारे नाही.

गेल्या आठवड्यात मी मुंबईला विधानसभेच्या प्रेक्षकांच्या सज्जात जाऊन बसलो होतो. पास आपल्या आमदार मित्रानेच, म्हणजे आपल्या ‘वक्त्या’नेच, काढून दिला होता, तोही मोठ्या आपुलकीने. दुपारी एक विधेयक मताला आले. विषय सांगायला नको. पाझर तलावाच्या भिंतीवर बसून ज्या जमिनीच्या प्रश्नावर तो आपल्याला रात्र रात्र जागवायचा, तोच. अध्यक्षांनी अनुकूल असणाऱ्यांना ‘होय’ म्हणायला सांगितले, खालून एक मोठा आवाज आला, प्रतिकूल असणाऱ्यांना विचारले तेव्हा थोडी कुजबुज झाली, ‘होयचे बहुमत’ हे शब्द दोनदा उच्चारले गेले आणि विधेयक संमत झाले. मी सगळा वेळ वक्त्याकडेच पाहत होतो. तो समोरचे कागद चाळत होता. त्याचे ओठ हलले की नाही, हेसुद्धा मला वरून दिसले नाही.

मित्रा, तेव्हापासून मला हीच गोष्ट खाते आहे. त्याने ‘होय’ म्हटले असते तर मी त्याच्याशी भांडलो असतो, ‘नाही’ म्हटले असते तर त्याला मिठी मारली असती. पण ज्या माणसासाठी आपण तीन निवडणुका उन्हातान्हात फिरलो, त्याची भूमिका काय हे मला समोर बसूनही कळू शकले नाही. कार्यवाहीच्या छापील प्रतीतही ते सापडणार नाही. आवाजी मतदानात विधेयक संमत झाल्याची नोंद होते, 288 जणांपैकी कोण कोणत्या बाजूला होते याची होत नाही. त्यासाठी कोणीतरी मतविभागणी, म्हणजे नावानिशी मोजणी, मागावी लागते आणि ती क्वचितच मागितली जाते. जुलै 2025 मध्ये जनसुरक्षा विधेयकही विधानसभेत असेच आवाजी मतदानाने संमत झाले. डहाणूचे आमदार विनोद निकोले विरोधात होते हे आज सर्वांना ठाऊक आहे, कारण त्यांनी विरोध बोलून दाखवला. त्या विधेयकाबद्दल तुझे माझे मत काहीही असो, त्यांच्या मतदारांना आपला आमदार कुठे उभा होता हे सांगता येते. मला सांगता येत नाही.

आता तू म्हणशील, हेच मी तुला पहिल्या निवडणुकीच्या वेळी सांगितले होते. होय, सांगितले होतेस. कचेरीच्या पायरीवर बसून तू म्हणालास की पक्षादेशापुढे (व्हिपपुढे) माणूस उरत नाही, चिन्ह पाहून मत द्यावे, आणि मी दोन महिने तुझ्याशी बोललो नाही. (त्याच रागात तू आमच्या गल्लीत पोस्टर उलटे चिकटवलेस आणि वक्ता आठवडाभर डोक्यावर उभा राहिला, हे मी अजून विसरलेलो नाही.) पण तुझे म्हणणे अर्धेच खरे आहे, असे मला आजही वाटते. पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची 1985 साली आली. पक्षादेशाविरुद्ध मत दिले किंवा मतदानाला गैरहजर राहिले, आणि पक्षाने ते 15 दिवसांत माफ केले नाही, तर सदस्यत्व जाऊ शकते, असे ती म्हणते. म्हणजे तिने हात बांधले ते मतदानापुरते. मंत्र्याकडून सभागृहात तोंडी उत्तर मागणारा तारांकित प्रश्न विचारू नये, तातडीच्या विषयाकडे लक्ष वेधणारी लक्षवेधी सूचना देऊ नये, विधेयकावरच्या चर्चेत आपली शंका मांडू नये, असे तीत कुठेही लिहिलेले नाही. त्याचे मत मी मागत नाही. ते पक्षाचे झाले, हे मी मान्य केले. मला त्याची पाच वाक्ये हवी होती.

आणि अशी वाक्ये बोलणारी माणसे याच विधिमंडळात होऊन गेली. गणपतराव देशमुखांनी छोट्या शेतकरी कामगार पक्षाच्या बळावर सांगोल्यातून अकरा वेळा निवडून येऊन दुष्काळाचा आणि पाण्याचा विषय पन्नास वर्षे सोडला नाही. त्यांचे नाव काढले की तू म्हणतोस, विरोधी बाकावरून बोलणे सोपे. मग वि. स. पागे यांचे काय? ते तर सत्ताधारी काँग्रेसचे, विधान परिषदेचे सभापती. तरी तासगाव तालुक्यात सुरू झालेल्या प्रयोगाचा त्यांनी इतका पाठपुरावा केला की 1977 साली रोजगार हमीचा कायदाच झाला. मागेल त्याला 15 दिवसांत काम, नाही तर बेकारी भत्ता, हे राज्याने लिहून दिले, आणि त्यासाठी शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला गेला. सत्तेत राहूनही एखादा विषय धरून ठेवता येतो, याला आणखी कोणता पुरावा हवा?

परत आल्यावर मी एक काम केले. वक्त्याने आजवर विचारलेले जेवढे प्रश्न मला मिळाले, ते वहीत उतरवून काढले. ग्रामीण रुग्णालयातली रिक्त पदे आहेत, जळालेले रोहित्र आहे, पुलाचा रखडलेला कठडा आहे. हे प्रश्न लहान नाहीत. त्या रुग्णालयात डॉक्टर आला तो त्याच्याच पाठपुराव्यामुळे, आणि हे मी कोणाशीही वाद घालून सांगेन. आमदार निधीतली कामेही चोख झाली आहेत. पण जमीन, पाण्याचे समन्यायी वाटप, कमी पटाच्या शाळा, ज्या गोष्टींसाठी तो राजकारणात गेला, त्यांपैकी एकीचाही उल्लेख सतरा पानांत नाही. मी दोनदा मोजून पाहिले. कदाचित त्याने बंद दाराआड, पक्षाच्या बैठकीत काही म्हटले असेल. तसे असेल तर ते त्याने आपल्याला तरी सांगायला हवे होते.

त्याच्या नजरेला नजर न देता मी त्या दिवशी निघून आलो. त्याचे दोन फोन येऊन गेले. मी उचलले नाहीत, आणि याचीही आता टोचणी लागली आहे.

तुझ्या बदलीचे काय झाले? वहिनींचा डोळा आता कसा आहे? धाकटीचे अभियांत्रिकीचे ठरले असेल तर कळव.

वहीची नक्कल सोबत पाठवत आहे. अधिवेशन संपल्यावर पहिल्या रविवारी वक्ता गावी येणार आहे आणि मी ही वही त्याच्यापुढे ठेवणार आहे. त्याआधी तू ती नीट वाच आणि मी कुठे त्याच्यावर अन्याय करतो आहे असे वाटले तर तिथे पेन्सिलीने खूण कर. त्याच्या बाबतीत तुझी नजर माझ्यापेक्षा नेहमीच थंड राहिली आहे. शक्य असेल तर शनिवारी रात्रीच ये. मला एकट्याने त्याच्यासमोर बसायचे नाही.

तुझा,
जुना भांडखोर मित्र