चिप येईल, पण अर्थिंगचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने ७६,००० कोटींची सेमीकंडक्टर योजना मंजूर केली. पुढे गुजरातेतल्या चिपच्या कारखान्यांसाठी साणंद झालं, धोलेरा झालं. त्यावर जे काही छापून येतं ते मी आवडीने वाचतो. पोटापाण्याचा विषय आहे. त्या मजकुरात ‘कुशल मनुष्यबळ’ हा शब्द हमखास असतो. हे पत्र त्या शब्दावरून.

मी कोल्हापूरचा. एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत विभागीय टेक्निकल सेल्स इंजिनिअर आहे. कराडपासून गोव्यातल्या वेर्ण्यापर्यंतचा मुलूख माझ्याकडे. फाउंड्र्या, साखर कारखाने, इचलकरंजीचे ऑटोलूम अशा ठिकाणी सेन्सर, पॉवर सप्लाय आणि ड्राइव्ह (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) विकतो. कार्डावर हुद्दा लांबलचक असला तरी गेटवरचा वॉचमन ‘प्रॉक्सीवाले साहेब आलेत’ एवढंच आत सांगतो. प्रॉक्सी म्हणजे प्रॉक्सिमिटी सेन्सर: अंगठ्याएवढी पितळी नळी, समोर लोखंड आलं की सिग्नल देणारी. अठरा मिलिमीटरच्या प्रॉक्सीला लोखंड पाच ते आठ मिलिमीटरवरून कळतं, ॲल्युमिनियम त्याच्या निम्म्याहून कमी अंतरावर. हे न सांगता माल दिला की दुसऱ्या दिवशी फोन ठरलेला.

गेल्या फेब्रुवारीत शिरोलीच्या एका फाउंड्रीतून असाच फोन आला. “ओ साहेब, तुमचा प्रॉक्सी येड्यागत कराय लागलाय बघा. समोर काय नसताना लाइट लागतीय.” महिन्यातला तिसरा. फाउंड्रीत पहिला संशय लोखंडाच्या भुकटीवर. ती सेन्सरच्या तोंडावर चिकटली की तो आपला कायम चालूच. फडक्याने पुसून पाहिलं, तोंड स्वच्छ होतं. मग म्हटलं, पॅनल उघडू या. तर वायरमन दोन पावलं मागे सरला. पॅनलच्या हँडलला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलेला.

“हे कशाला?”

“मुंग्या येतात हो जरा. पावसाळ्यात जास्ती.”

मल्टिमीटर लावला. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्ट दिसले तर मी फारसं मनावर घेत नाही; इथे एक्केचाळीस. हिरव्या वायरीचा माग काढत शेडच्या मागे गेलो. तिथे अर्थिंगची पट्टी भिंतीतून बाहेर येऊन वीतभरावर कापलेली. नव्या शेडचा पाया खणताना कुणीतरी कापली आणि अर्थिंगच्या खड्ड्यावर पेव्हर ब्लॉक बसवून मोटारसायकलींचं पार्किंग केलं. ड्राइव्ह आणि पॉवर सप्लायच्या फिल्टरमधून थोडा करंट सतत अर्थला जात असतो. ती वाट तुटली की पत्र्यालाच व्होल्टेज चढतं आणि ड्राइव्हचा सगळा विजेचा कचरा, म्हणजे नॉइज, सेन्सरच्या वायरीत शिरतो. प्रॉक्सी बिचारा निर्दोष होता. आधीचे दोनही निर्दोषच असणार, पण ते भंगारात गेले होते. आणि माणसं वर्षभर त्या हँडलला ट्यूब गुंडाळून काम करत होती. उद्या आत एखादी फेजची वायर सुटून पत्र्याला टेकली असती, तर त्या ट्यूबवर भरवसा ठेवायचा होता.

आता एक कबुली. तेवढ्या काळात त्या फाउंड्रीने माझ्याकडून तीन प्रॉक्सी आणि एक पॉवर सप्लाय घेतला आणि माझं टार्गेट पुरं झालं. परत घेतलेला किंवा बदलून दिलेला निम्मा तरी माल चांगलाच असतो, असा माझा अंदाज. म्हणजे गिऱ्हाइकाचं अर्थिंग जितकं वाईट, तितका आमचा खप बरा. अर्धा दिवस मी खड्डा शोधण्यात घालवला हे रिपोर्टात लिहिलं, तेव्हा वरिष्ठ म्हणाले, “आपण अर्थिंग विकतो का?” त्यांचंही चूक नाही. त्या अर्ध्या दिवसाचं बिल कुणाच्या नावाने फाडणार?

त्या फाउंड्रीत डिप्लोमा झालेला एक हुशार पोरगा आहे. लॅपटॉपवर पीएलसीचा (मशीन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरचा) प्रोग्रॅम माझ्यापेक्षा चांगला लिहितो. अर्थ टेस्टर मात्र त्याने कॉलेजात लांबूनच पाहिला होता, तोही कपाटात. जमिनीत खिळे ठोकून रेझिस्टन्स मोजायचा असतो म्हटल्यावर त्याला गंमत वाटली. आयएस ३०४३ हे अर्थिंगचं भारतीय मानक परीक्षेपुरतं पाठ. पण सांगलीकडच्या काळ्या मातीत ऑगस्टमध्ये मिळालेला झकास, म्हणजे कमी, आकडा मे महिन्यात, जमीन भेगाळल्यावर, कुठल्या कुठे जातो. वेर्ण्याच्या जांभ्यात तर चांगला आकडा मिळवतानाच घाम फुटतो. हे पुस्तकातून कसं कळणार? अर्थिंगच्या मीठ-कोळशाच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालायचं असतं, त्यासाठी वर नरसाळ्याचा पाइप ठेवलेला असतो. तो पाइप कशासाठी, हे मी बऱ्याच ठिकाणी विचारून पाहिलं आहे. एके ठिकाणी त्यात विड्यांची थोटकं होती.

माझं मागणं लहान आहे. आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांनी आपल्याच आवारातला अर्थिंगचा खड्डा वर्षातून दोनदा, एकदा कोरडा आणि एकदा ओला, मोजावा आणि आकडा तिथल्या पाटीवर रंगवावा. एमआयडीसीतल्या उद्योजक संघटनांनी एक टेस्टर घेऊन तो सभासदांत आळीपाळीने फिरवावा. मोजायला शिकवायचं तर मी सुट्टीच्या दिवशी फुकट येईन. वरिष्ठांना सांगू नका म्हणजे झालं.

त्या फाउंड्रीने पेव्हर ब्लॉक उखडून नवी पट्टी टाकली. दर शनिवारी खड्ड्यात दोन बादल्या पाणी घालायचं काम वॉचमनकडे आहे. मार्चपासून त्यांची एकही ऑर्डर आलेली नाही.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर