‘आय ॲम हॅविंग’ आणि आपलं ‘आहे’

सोलापूर,
रविवार

चि. मनू हिस
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू नुसतं हं हं करत होतीस. रात्री दादाकडून कळलं, की मुलाखतीत तू ‘आय ॲम हॅविंग टू इयर्स एक्सपीरियन्स’ म्हणालीस आणि समोरच्या बाईंनी तेच वाक्य ‘हॅव’ घालून पुन्हा म्हणून दाखवलं. त्यानंतर तुला काही सुचलंच नाही म्हणे. मला झोप लागली नाही. आज भांडी उरकली आणि लगेच लिहायला बसले.

22 वर्षं मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याच्या ऑफिसात परदेशी पार्ट्यांची पत्रं वाचते आहे. या ‘हॅव’ने मला जितकं शिकवलं तितकं दुसऱ्या कुठल्याच शब्दाने शिकवलं नाही. म्हणून तुला सांगायचा मला हक्क आहे असं वाटतं.

पहिली गोष्ट, तू बेफिकीर होतीस म्हणून ही चूक झाली नाही. आपल्याकडे ‘हॅव’ला शब्दच नाही, बघ शोधून. मला दोन भाऊ आहेत. माझ्याकडे छत्री आहे. तिच्यात धमक आहे. त्याला ताप आहे. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. नातं, वस्तू, गुण, दुखणं, प्रत्येकाशी आपण वेगळ्या तऱ्हेने बोलतो. ‘माझ्याकडे दोन भाऊ आहेत’ म्हटलं तर ते चार दिवस मुक्कामाला आल्यासारखे वाटतात. इंग्रजी या सगळ्यांना एकाच दावणीला बांधते: आय हॅव ब्रदर्स, आय हॅव ॲन अंब्रेला, ही हॅज अ फिव्हर. शिवाय आपलं क्रियापद भावांचं ऐकतं, एक भाऊ आहे, दोन भाऊ आहेत. त्यांचं क्रियापद ज्याचे भाऊ त्याचं ऐकतं.

आणि हे मराठीपुरतं नाही गं. समोरच्या आजी तेलुगूत म्हणतात, ‘नाकु इद्दरु तम्मुळ्ळु उन्नारु’. कोपऱ्यावरचे किराणावाले काका कन्नडमध्ये म्हणतील, ‘ननगे इब्बरु तम्मंदिरु इद्दारे’. दोन्हींचा अर्थ अक्षरशः ‘मला दोन धाकटे भाऊ आहेत’. मागच्या गल्लीत उर्दूत ‘मेरे दो भाई हैं’. चार भाषा कानावर घेत तू वाढलीस आणि चारींत मिळून एक ‘हॅव’ नाही. सगळीकडे शेवटी ‘आहे’च. मग इंग्रजी बोलताना आपण ते ‘आहे’ सोडायला तयार होत नाही. ‘अनुभव आहे’ मधल्या ‘आहे’साठी ‘ॲम’ येतो, आणि ‘ॲम’ आला की त्याच्यामागून ‘हॅविंग’ येतं. मला तरी हे असंच होत असावं असं वाटतं, कारण माझंही कित्येक वर्षं असंच होत होतं.

यावर मी एक युक्ती धरली आहे. वाक्य आधी मनात मराठीत म्हणायचं. नुसतं ‘आहे’ येऊन थांबलं तर ‘हॅविंग’ नाही. अनुभव आहे, शंका आहे, गाडी आहे: आय हॅव अ डाउट, आय हॅव अ कार. पण मराठीत काही करणं चालू असेल, जेवतोय, चहा पितोय, बैठक चालली आहे, तर ‘हॅविंग’ बिनधास्त घाल. वी आर हॅविंग लंच, दे आर हॅविंग अ मीटिंग. तिथे ‘हॅव’चा अर्थ जवळ असणं असा नाहीच, तिथे ते काम करणारं क्रियापद आहे. प्रश्न विचारताना मात्र ‘डज शी हॅज’ म्हणू नकोस. ‘हॅज’च्या शेवटचं ‘एस’ अक्षर ‘डज’मध्ये येऊन गेलेलं असतं, म्हणून पुढे साधं ‘हॅव’.

‘हॅव टू’ तुला येतं, त्यावर जास्त लिहीत नाही. मला जावं लागेल, आय हॅव टू गो. फक्त ऐकताना लक्ष ठेव, ते लोक ‘हॅफ टू’ म्हणतात, ‘हॅज टू’चं ‘हॅस टू’ होतं. आणि ‘यू डोन्ट हॅव टू कम’ म्हणजे येऊ नकोस असं नव्हे. यायची गरज नाही, आलीस तर हरकत नाही, एवढंच.

आता जे तुला कधी सांगितलं नाही ते सांगते. मी नोकरीला लागून दुसरंच वर्ष होतं. एका पार्टीचं पत्र आलं: ‘प्लीज हॅव द शेड अप्रूव्हड बिफोर डाइंग.’ मी ‘हॅव’ पाहिलं, ‘अप्रूव्हड’ पाहिलं आणि वाचलं की शेड, म्हणजे रंगाची छटा, मंजूर झाली आहे. रंगाईला चिठ्ठी दिली. गडद निळ्या टॉवेलांचा अख्खा लॉट रंगून निघाला. खरं तर ते म्हणत होते, रंगवण्याआधी शेड आमच्याकडून मंजूर करून घ्या. लॉट नाकारला गेला. दोन महिने ते निळे गठ्ठे गोदामात माझ्या टेबलासमोरच्या दारातून रोज दिसायचे. शेवटी इथल्याच बाजारात पडेल भावाने गेले. मला कोणी बोललं नाही, त्याचाच जास्त त्रास झाला.

त्या गठ्ठ्यांनी मला शिकवलं ते असं. ‘वी हॅव टेस्टेड द टॉवेल्स’ म्हणजे आम्ही तपासले आहेत. ‘वी हॅव द टॉवेल्स टेस्टेड’ म्हणजे आम्ही ते दुसऱ्याकडून तपासून घेतो. शब्द तेच, पण टॉवेल मधे आले की काम करणारा हात बदलतो. आपल्याकडे त्यासाठी ‘करून घेणे’ किती सोपं आहे! पुढे कळलं, की फार जुन्या इंग्रजीत ही दोन वाक्यं एकमेकींच्या अगदी जवळची होती. ‘माझ्याकडे पत्र आहे, लिहिलेलं’ अशा धाटणीच्या वाक्यातूनच पुढे ‘आय हॅव रिटन द लेटर’ झालं. म्हणजे आज ‘झालं आहे’ सांगणारं त्यांचं ‘हॅव’ मुळात ‘जवळ असणं’च होतं. हे समजल्यापासून मला ‘शी हॅज हॅड हर टी’ची भीती वाटत नाही. पहिलं ‘हॅज’ आपलं ‘आहे’, दुसरं ‘हॅड’ आपलं ‘घेतला’. तिने चहा घेतला आहे, झालं.

त्या बाईंनी तुझं वाक्य दुरुस्त केलं, तुला कमी लेखलं असं मला वाटत नाही. त्यांनाही कोणीतरी कधी असंच सांगितलं असेल. दुसरी मुलाखत गुरुवारी आहे ना? ‘आय हॅव टू इयर्स एक्सपीरियन्स’ हे वाक्य आरशासमोर नको, चालता चालता दहा वेळा म्हण.

बुधवारी शेजारचे काका हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला येत आहेत. त्यांच्याबरोबर शेंगाची चटणी आणि कडक भाकरी पाठवते आहे. चटणी उखळात कुटलेली आहे, तिखट जरा जास्त झालंय, दही घालून खा. कोणाचा फोन आलाच तर ‘आय ॲम हॅविंग डिनर’ म्हण, ते अगदी बरोबर आहे. आणि स्टीलचा डबा दिवाळीला येताना परत आण, तो आजीचा आहे.

तुझी,
आई