दुडकी चाल शिकवणाऱ्या आजोबांना

आदरणीय आजोबा,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे पत्र असं उघड्यावर. तुम्हाला मराठी वाचता येणार नाही, हेही ठाऊक आहे. पण मनापासून आभार मानायचे तर मला याच भाषेत जमतं.

काही वर्षांपूर्वी व्हिएन्नात, प्राटर या मोठ्या बागेत भटकता भटकता मी क्रीआउच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानात शिरलो. दोन चाकांच्या हलक्या सल्कीला जुंपलेले घोडे पळत होते. त्यातला एक उधळला, सगळ्यांना मागे टाकून गेला आणि मी जोरात टाळ्या पिटल्या. आजूबाजूचे हसले. तुम्ही मात्र हातातली शर्यतींची पत्रिका बाजूला ठेवलीत आणि कठड्यावर बोटं नाचवून दाखवलीत : पुढचा उजवा आणि मागचा डावा पाय एकदम, मग दुसरी जोडी. ही दुडकी मोडून घोडा चौखूर सुटला की हाकणाऱ्याने त्याला तिथल्या तिथे आवरायचं, नाहीतर बाद. मला सवय बैलगाडा शर्यतीची. तिथे पळालं की पळालं!

मग पत्रिकेतल्या एका शर्यतीवर माझं बोट अडलं : काउंट काल्मान हुन्याडी स्मृती शर्यत. व्हिएन्नात हे हंगेरियन नाव कसं, या माझ्या प्रश्नावर तुम्ही खुर्ची ओढून बसलात. हुन्याडी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सम्राट फ्रान्झ योझेफच्या दरबारात समारंभांचे प्रमुख. कोण कुठे उभं राहील, कोण कुणाच्या मागून चालेल, हे पाहणं त्यांचं काम. उमरावांचा जीव तेव्हा पलीकडे फ्रॉयडेनाउच्या मैदानातल्या भरधाव शर्यतींत. दुडकीचा नाद टांगेवाल्यांना आणि साध्या शहरी माणसांना. अशा खेळामागे दरबारातला हा माणूस उभा राहिला. क्रीआउ १८७८ साली सुरू झालं आणि युरोपात याहून जुनं दुडकीचं मैदान फक्त मॉस्कोचं, हे सांगताना तुमचा आवाज जरा चढलाच होता.

जन्मभर मिरवणुकींना शिस्त लावणाऱ्याला चाल न मोडणारा घोडाच आवडणार, असा तर्क मी लढवला. तुम्ही नुसते मिशीत हसलात.

पैज लावू नकोस, असंही बजावलं होतंत. मी लावली. पाच युरो गेले. तुम्ही खांद्यावर हात ठेवला नसता, तर खिसाच रिकामा झाला असता.

तुमचा,
चुकीच्या घोड्याला टाळ्या देणारा