बोट तपासली, नावाडी कधी तपासणार?

संपादक महोदय,

मे महिन्यात आमच्या कृष्णाकाठच्या गावात पूर-बचावाची रंगीत तालीम झाली. सकाळी दहा वाजता, घाटावर मंडप घालून. नदी अगदी शांत, पलीकडची मळी, म्हणजे काठची गाळाची जमीन, उघडी पडलेली. बोटीत सहाजण, सगळ्यांच्या अंगात कोरी केशरी जॅकेटं. ज्याला 'बुडायचं' होतं तो पोरगा पट्टीचा पोहणारा. तिसऱ्यांदा दोरी ओढल्यावर इंजिन लागलं, टाळ्या पडल्या, साहेबांचे फोटो झाले आणि शेरा पडला: यंत्रणा सज्ज.

इथं कशाची परीक्षा झाली? बोट आहे, दोर आहे, जॅकेटं आहेत, एवढंच कळलं. माणसांचं काय?

ऑगस्ट २०१९ मध्ये पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट होतीच. क्षमतेपेक्षा जास्त माणसं चढली, बोट उलटली आणि १७ जीव गेले. पाणी दाराशी आलेलं, बाया लेकरं कडेवर घेऊन उभ्या, अशा वेळी "आता बास, पुढच्या खेपेला" असं म्हणायला छाती लागते. ज्यांना थांबवायचं ते भावकीतलेच असतात. मग ते म्हणायचा अधिकार बोटीवर नेमका कुणाला? आमच्या तालमीत हा प्रश्न कुणी काढलासुद्धा नाही.

सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेलं. इतक्या पाण्यात नाव नदीत चालत नाही, उसाच्या फडावरून, तारांवरून, कुंपणावरून चालते. पंख्यात पाला अडकला की इंजिन बसतं. तेव्हा वल्हं कोण मारणार? आपदा मित्रांना, म्हणजे आपत्तीत मदतीला धावणाऱ्या स्वयंसेवकांना, १२ दिवसांचं प्रशिक्षण मिळतं, चांगलंच आहे. पण दोन वर्षं पाण्यात न उतरलेल्या माणसाचा हात तसाच राहतो का?

माझी सूचना साधी आहे. जुलैत आयर्विनला पाणी २५-३० फुटांवर आलं की, न सांगता, रात्री फोन करा. पथकाची बोट पाण्यात पडायला किती मिनिटं लागली ते घड्याळ लावून मोजा. इंजिन मुद्दाम बंद करा. बोटीच्या क्षमतेपेक्षा पाचजण जास्त काठावर उभे करा आणि बघा कोण कुणाला थांबवतं. जीव धोक्यात न घालता, जाणत्यांच्या देखरेखीखाली हे जमण्यासारखं आहे.

दुष्काळाचंही तेच. २०१६ च्या एप्रिलात आमच्या मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं. पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर. ते साऱ्या देशानं पाहिलं. पण जत-आटपाडीकडच्या वाडीवर टँकर बंद पडला तर दुसरा किती तासांत येतो, याची तालीम होते का?

निकाल काय लागेल तो लागो, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. नापास झालेलं पथक जुलैत कळलं तर ऑगस्टपर्यंत हाताशी महिना राहतो.

आपला,
कृष्णाकाठचा एक वाचक, जि. सांगली