'काळोख पुरेल ना?' असं विचारणाऱ्या बाईंना

आदरणीय बाईंना सप्रेम नमस्कार,

माझ्या वडिलांनी, आबांनी, तुमच्या शाळेत चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ केला, पण निघताना तुमचे आभार मानायचे राहून गेले. सामान बांधायची घाई होती आणि खरं सांगतो, तोंडून शब्दच फुटेना. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितोय.

आम्हा सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर आदिवासी कलाकारांचं कौतुक पुष्कळ होतं. 2021 साली आमच्याच गावचे बाहुल्यांचे कलाकार परशुराम गंगावणे यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा तर आनंद पोटात मावेना. पण आदराने बोलावून खेळच होऊ न देणारेही भेटतात. एका मोठ्या महोत्सवात आबांना भर हॅलोजनखाली पडद्यामागे बसवलं. दिवे मालवा म्हटलं, तर शूटिंगला उजेड हवा म्हणे! पडद्यावर सावली उमटणार कुठून? युद्धाचा प्रसंग यायच्या आत 'आवरा' अशी खूण झाली, कारण पाहुण्यांचे सत्कार व्हायचे होते. शाल-श्रीफळ आबांनाही मिळालं. घरी आल्यावर त्यांनी चामड्याच्या बाहुल्यांची पेटी माळ्यावर टाकली ती टाकलीच.

तुम्ही वर्गाच्या खिडक्यांना काळे कागद लावलेत, दाराच्या फटीत चादर कोंबलीत, तेही स्वतः स्टुलावर चढून. मग पडद्यामागे येऊन विचारलंत, "आबा, एवढा काळोख पुरेल ना?"

उभ्या आयुष्यात त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं. मानधन किती, वेळ किती, माणसं किती, हेच विचारतात. आबांनी वरच्या झडपेकडे बोट दाखवलं आणि तुम्ही पुन्हा स्टुलावर चढलात.

त्या दिवशी आबांचा हात कसा चालला ते तुम्ही समोरून पाहिलंत, मी मागून. बकऱ्याचं कातडं तासून तासून पातळ केलेलं, त्यावर टोचलेल्या बारीक भोकांतून उजेड झिरपला आणि रावणाचे दागिने चमकायला लागले. पडद्याला टेकवलेला हनुमान त्यांनी हळूहळू दिव्याकडे ओढला. पलीकडे तो छताएवढा झाला असणार, कारण पोरांचा एकच गलका उठला. आणि माझा पुतण्या, जो एरवी मोबाइलमधून डोकं वर काढत नाही, तो न सांगता आबांच्या उजव्या बाजूला बसून एकेक बाहुली क्रमाने हातात देत होता. क्रम त्याला कधी पाठ झाला, देव जाणे. लहानपणी मांडीवर बसून ऐकलेलं कुठेतरी राहिलं असेल.

अनुदानं हवीत, पुरस्कारही हवेत, नाही कोण म्हणतो? पण समोरच्याला त्याच्या कामासाठी नेमकं काय लागतं, हे विचारणारं माणूस भेटलं की म्हातारा कलाकारही पुन्हा उभा राहतो. अशी माणसं अजून आहेत आणि ती गावच्या शाळेत शिकवतात, याचा मला फार आनंद आहे.

पेटी माळ्यावरून खाली आली आहे. दोन बाहुल्यांच्या काठ्या सैल झाल्यात, त्या पुतण्या बांधतोय. दिवाळीच्या सुट्टीत पोरांना घेऊन घरी या. आबा म्हणालेत, कातडं तयार करून ठेवतो, भोकं पाडायला प्रत्येकाला बसवू.

तुमचा ऋणी,
आबांचा धाकटा मुलगा